गिरजाबाईच्या गादीची रुई

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला टेकून एक लहानसं गाव आहे. कोकिळा तिथली. लहानपणी गावात तिला कोणी नावानं हाक मारत नसे, ‘चौकशीबाई’ म्हणत. कल्हईवाला आला की त्याची भट्टी थंड होईपर्यंत ही समोरून हलायची नाही. कोणाच्या ओट्यावर परका पाहुणा दिसला की पाण्याचा गडवा घेऊन ही हजर, आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत त्याचं गाव, शेत, लेकीबाळी सगळं हिला पाठ. तिची आई कपाळावर हात मारून म्हणायची, “या पोरीले न्यायले यम आला, तर हे त्यालेच इचारंल, रेडा कोणत्या बाजारातून घेतला म्हणून!”

त्यात खोट नव्हती. तिला माणसांचं नवल वाटायचं, एवढंच. दुसऱ्याच्या घरी फोडणी कशाची देतात, रुसलेल्या पोराला काय म्हणून समजावतात, हे कळलं की तिचा दिवस चांगला जायचा.

लग्न होऊन ती मोताळ्याजवळच्या खेड्यात आली. नवरा उत्तमराव, सहा एकर रान, कापूस आणि सोयाबीन. वीस-बावीस वर्षं तिनं शेतात काढली. मग सासू गिरजाबाई आजारी पडली. दर आठवड्याला मोताळ्याचा दवाखाना, आणि लेकीच्या, काजलच्या कॉलेजची बसही मोताळ्यातूनच. म्हणून उत्तमरावांनी मोताळ्याच्या कडेला नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्यांचं घर बांधलं. ते स्वतः रोज मोटारसायकलवर शेतात जात. कोकिळा मात्र आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर घरात बसू लागली.

ते घर अशा जागी होतं, की पुढचं दार उघडलं तर शिक्षकांची, बँकवाल्यांची, तहसीलमधल्या बाबूंची घरं. गेटवर नावाच्या पाट्या, अंगणात गुलाबाच्या कुंड्या. आणि मागचं दार उघडलं तर कमरेएवढी भिंत, तिच्या पलीकडे जुनी मुसलमान वस्ती. भिंतीला लागून गुलाम रसूल पिंजाऱ्याचं घर. पुढच्या पडवीत रुई पिंजायची मशीन, मागं अंगण, अंगणात गाद्यांच्या खोळी वाळत घातलेल्या.

पुढच्या घरांतल्या बायका कोकिळेशी वाईट वागल्या असं कोणी म्हणणार नाही. दिसल्या की हसायच्या. पण त्या हसण्यात ‘या बसा’ नसायचं. एकदा पाण्याच्या टँकरपाशी ती म्हणाली, “मले दोन गुंड पाणी भरू द्या, मंग तुम्ही भरा.” तर कडेला उभ्या दोघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीनं हळूच “मले” म्हणून दाखवलं. दुसरी तोंडाला पदर लावून हसली. कोकिळेनं ते पाहिलं. त्या दिवसापासून पुढच्या गल्लीत ती बोलायच्या आधी शब्द तोंडात घोळवू लागली.

मागच्या बाजूला असं काही करावं लागत नव्हतं. गुलाम रसूलची बायको बिस्मिल्ला पहिल्याच आठवड्यात भिंतीपाशी येऊन म्हणाली, “नवीन आल्या काय वं बाई? मशीनचा आवाज होते दिवसभर. सासू बीमार हाये म्हणे तुमची. सांगा, दुपारी बंद ठेवू.”

झालं. चौकशीबाईला तिचं माणूस सापडलं. “बिस्मिल्लाबी, एक इचारू का?” असं म्हणून ती जी सुरू व्हायची, ती गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत. सरकी काढलेली रुई कुठून येते, गादीला टाके घालताना सुई हातात कशी शिरत नाही, रोजा सोडताना आधी खजूरच का. बिस्मिल्लाबी गादीवर वाकून टाके घालता घालता सगळ्याची उत्तरं द्यायची आणि मधेच उलटं विचारायची, “अन तुमच्यात ते दिव्याच्या अमावस्येले कणकेचे दिवे करता, ते मंग खाता का नाही?” दोघी हसायच्या. काजल तर तिथंच असायची. बिस्मिल्लाबीची लेक महनूर फार्मसीला होती, दोघी पोरी सोबत बसनं कॉलेजला जायच्या. पहिल्याच वर्षी उत्तमरावांनी शेतातला निवडक कापूस दिला आणि बिस्मिल्लाबीनं काजलच्या लग्नासाठी म्हणून एक जोड गादी भरून ठेवली. त्या गाद्यांचे टाके महनूर आणि काजलनं मिळून घातले.

दोन वर्षांनी, पौषात गिरजाबाई गेल्या.

मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. उत्तमराव म्हणाले, नाल्यात टाकून येतो. पण ती गादीही घरच्याच कापसाची, शेवटचे आठ महिने सासू तिच्यावर खिळून होती खरी, पण आतली रुई अजून लोण्यासारखी. टाकायला कोकिळेचा जीव होईना. ती मागच्या भिंतीशी गेली. “बिस्मिल्लाबी, तुमच्या काही कामी येते का? नाही तर टाकून देतो.”

“टाकता काऊन? आना इकडं.”

आता ती गादी कोणत्या कामी येणार, हे पाहिल्याशिवाय कोकिळेला कसं राहवणार? तेरवीच्या आधीच ती भिंत ओलांडून जाऊन बसली, सोबत काजल. बिस्मिल्लाबीनं खोळ उसवून जाळली. रुई आठ दिवस गच्चीवर उन्हात घातली. मग गुलाम रसूलनं पडवीच्या आढ्यावर खोचून ठेवलेली बापाची जुनी धनुकली खाली काढली आणि अंगणात बसून हातानं ती रुई पिंजली.

“मशीनवर काऊन नाही पिंजत, भाऊ?” कोकिळेनं विचारलं.

“मशीनवर गिऱ्हाइकाचा माल असते, वहिनी,” तो म्हणाला. “त्यात याचा एक धागा जाता कामा नये. पोरीच्या लग्नाची गादी असते कोणाची, बाळंतिणीची असते. ही रुई वेगळी. अशा दोन-चार गाद्या येतात वर्षातून. त्याच्या आम्ही दुलया करतो. थंडीत सैलानीच्या दर्ग्याच्या रस्त्यावर लोकं उघड्यावर निजतात ना, त्यांच्या अंगावर टाकून येतो. माझा बाप करत होता, मीबी करतो.”

बिस्मिल्लाबी म्हणाली, “तुमच्या सासूले सवाब लागंल, पुन्य लागंल, बाई.” आणि कोकिळेला खरंच बरं वाटलं. आठ महिने जिचं हागणं-मुतणं काढलं, त्या सासूसाठी तिला पहिल्यांदा रडू आलं ते तिथं, पिंजाऱ्याच्या अंगणात.

तेरवीला ले-आउटमधलं महिला भजनी मंडळ आलं. मंडळाच्या प्रमुख संजीवनीताई. नवरा हायस्कूलमध्ये मुख्याध्यापक, माहेर नाशिककडचं, बोलणं छापील पुस्तकासारखं. जाताना त्या म्हणाल्या, “कोकिळाताई, येत जा ना मंगळवारी आमच्याकडे. घरात एकट्या किती बसणार?”

त्यांनी ‘ताई’ म्हटल्याचं सुख कोकिळेला रात्रभर पुरलं.

मंगळवारी दुपारी संजीवनीताईंच्या हॉलमध्ये बारा-तेरा बायका जमायच्या. तासभर भजन, मग चहा, आणि चहापासून पुढं गप्पा. कोकिळेला दाराजवळची जागा मिळाली. तिला टाळ येत होते, आवाजही गोड होता, पण चहा आला की तिच्याकडे पाहून कोणी बोलत नसे. बदल्या, महागाई भत्ता, पुण्याला शिकणारी मुलं. तिच्याजवळ यातलं काहीच नव्हतं. दीड महिना ती कपबशी हातात धरून ऐकत राहिली.

मग एका मंगळवारी मशीनचा आवाज खिडकीतून आला आणि कोणीतरी सहज म्हणालं, “हे मागचे लोक, आत कसे राहतात कोण जाणे.”

“मी जात असते त्यांच्या घरी,” कोकिळा म्हणाली.

बारा माना वळल्या. तिच्या लक्षात राहिलं ते हे, की संजीवनीताईंनी हातातली बशी खाली ठेवली. “तुम्ही? अगदी आत? सांगा ना, कसं असतं?”

कोकिळेनं सांगितलं. घर आरशासारखं असतं. पोरगी फार्मसीला आहे, पहिल्या नंबरात येते. बिस्मिल्लाबीच्या हातच्या शेवया तर अशा… इथवर येईपर्यंत बायकांच्या नजरा परत बदल्यांकडे वळल्या होत्या. पुढच्या मंगळवारी मात्र कोणी विचारलं, “पण ते पाण्याच्या भांड्यात हात घालतात म्हणे?” कोकिळा म्हणाली, “तसं नाही, पण एकदा म्हतारी आजी आली होती त्यांची, तिनं…” आणि माना पुन्हा वळल्या. नवलानं भरलेल्या तिच्या त्या पोतडीत चांगलं आणि वेडंवाकडं दोन्ही होतं. कशाला गिऱ्हाईक आहे, हे तिला तीन मंगळवारांत कळलं. कोणी तिला शिकवलं नाही. बायकाही दुष्ट नव्हत्या. भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांनाही पाहायचंच होतं, फक्त पाय उचलून जायचं नव्हतं. आता कोकिळा त्यांचे डोळे झाली होती. गल्लीत दिसली तर हाका मारू लागल्या, “अहो कोकिळाताई, आज लवकर या बरं!” तिच्या ‘मले’ला आता कोणी हसत नव्हतं.

फाल्गुनातली गोष्ट. लग्नसराईचे दिवस. बँकेतल्या साहेबांची बायको, समता, लेकीच्या लग्नाची खरेदी सांगत होती. “गाद्या मात्र इथंच टाकल्यात भरायला, मागच्या पिंजाऱ्याकडं. काम चांगलं आहे म्हणतात त्याचं.”

कोकिळेच्या तोंडून निघून गेलं, “मयताच्याबी गाद्या येतात बरं त्यांच्याकडं.”

 पेटीवर हात ठेवून बसलेल्या बाईनं हात उचलला.

“काय म्हणता?” समता म्हणाली.

“हो ना. मी सोता पाह्यलं. उसवतात, अन रुई वाळू घालतात गच्चीवर. मंग पिंजतात.”

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ‘पण ते वेगळं ठेवतात, गिऱ्हाइकाच्या गादीत त्याचा धागाबी जात नाही.’ एवढंच वाक्य. ती श्वास घेत होती, आणि तेवढ्यात संजीवनीताई सरकून बसल्या आणि आपल्या शेजारची सतरंजी थोपटत म्हणाल्या, “कोकिळाताई, तिकडे दारात कुठं बसता उन्हात? इकडे या, पंख्याखाली. नीट सांगा बरं.”

ती उठली. तेरा बायकांच्या मधून, गुडघे बाजूला करून त्यांनी दिलेल्या वाटेनं चालत गेली आणि पंख्याखाली बसली. घामानं भिजलेल्या पाठीला वारा लागला. मग तिनं नीट सांगितलं. गादी कशी येते, खोळ कशी उसवतात, जाळतात. ती कोणाची गादी होती, ते सांगितलं नाही. धनुकलीचं सांगितलं नाही. सैलानीच्या रस्त्याचं सांगितलं नाही. घरी येताना ती स्वतःला म्हणाली, मी खोटं तर काहीच नाही बोलली.

आणि खरंच, त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

आठ दिवसांत समतानं आपल्या गाद्या न भरताच परत आणल्या. मोबाईलवर एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये तो मजकूर फिरला आणि फिरता फिरता वाढला. मयताच्या गाद्यांच्या जागी दवाखान्यातल्या गाद्या झाल्या, मग रोग्यांच्या झाल्या, मग हे मुद्दाम करतात असं झालं. शेवटी ‘आपल्याच एका भगिनीने डोळ्यांनी पाहिले आहे’ असं त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं. तो मजकूर कोकिळेच्याही फोनवर आला. तिनं तो दोनदा वाचला आणि पुसून टाकला.

आसपासच्या खेड्यांतून गाड्या भरून कापूस येत असे, तो यायचा थांबला. आधी दिलेला लोक परत न्यायला येऊ लागले. एक दिवस चार-पाच पोरं येऊन पडवीसमोर फोन धरून उभी राहिली, नुसतं चित्रण करून गेली. गुलाम रसूलनं पाटी रंगवून लावली, ‘येथे फक्त नवीन रुई भरली जाते’. पाटी पाहून लोक म्हणाले, बघा, म्हणजे आधी जुनी भरत होता.

भिंतीपलीकडून बिस्मिल्लाबी हाक मारायची. कोकिळा घरात असून दार उघडत नसे. नंतर हाक यायची थांबली.

वैशाखात एका सकाळी गुलाम रसूल पुढच्या दारानं आला. पुढच्या दारानं तो कधी येत नसे. उत्तमराव शेतात निघायच्या तयारीत होते. त्यांनी खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला.

“उत्तमभाऊ, गावात काय चालू हाये ते तुम्हाले माहीतच असंल.”

“हाव. कोणाच्या तोंडाले हात लावता येते? पण उठवलं कोणं बे हे?”

 गुलाम रसूल कोकिळेकडे वळला. “वहिनी, तुम्ही बसल्या होत्या समोर. कोणती रुई कुठं जाते, तुम्हीच इचारलं होतं मले. त्या भजनाच्या बायांले तुम्ही एक शब्द सांगा. बाकीचे माझं ऐकत नाही. तुमचं ऐकतीन.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो खरंच विनवत होता. कोकिळेला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

“सांगीन ना भाऊ,” ती म्हणाली. “मंगळवारी सांगीन.”

मंगळवारी ती गेली. भजनात तिचं लक्ष नव्हतं. चहा आला तसं तिनं घसा साफ केला. “त्या पिंजाऱ्याचं…” ती म्हणाली, आणि सगळ्याजणी पुढं झुकल्या. नवीन काहीतरी येणार म्हणून त्यांचे डोळे चमकत होते. पंखा वर फिरत होता. समोर समता बसली होती, जिनं हिच्या शब्दावर गाद्या परत आणल्या होत्या. आता उरलेलं वाक्य बोललं, तर आधीचं अर्धंच का सांगितलं, हे कोणीतरी विचारणारच.

“…दुकान बंदच हाये दोन दिवस झाले,” कोकिळेनं वाक्य पुरं केलं.

ज्येष्ठात टेम्पो आला. मशीन चढवायला सहा माणसं लागली. बिस्मिल्लाचा भाऊ पिंपळगाव राजाला राहत होता, ते सगळे तिकडं निघाले. कोकिळा स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहत होती. महनूर बादलीतून कढीपत्त्याचं रोप घेऊन आली आणि पुढं ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलं. बिस्मिल्लाबीनं घराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि मागच्या भिंतीकडे एकदा नजर टाकून टेम्पोत चढली. कॉलेजातून आल्यावर काजलनं ते कुलूप पाहिलं. “बिस्मिल्ला खाला न सांगताच गेली?” ती म्हणाली. कोकिळा पोळ्या लाटत राहिली.

तुळशीच्या लग्नानंतर काजलचं लग्न झालं. खामगावकडचं चांगलं शेतकरी कुटुंब मिळालं. आंदणात पलंग, कपाट, आणि ती जोड गादी. पंधरा दिवस झाले असतील, विहीणबाईंचा फोन आला. आवाज गोड, पण आतून कडक.

“कोकिळाबाई, राग मानू नका. माझ्या भाचीनं सांगतलं, मोताळ्यात कोणी पिंजारी होता म्हणे, मयताची रुई भरत होता. या गाद्या त्याच्याच तर नाहीत ना? आम्ही सध्या गोठ्यात काढून ठेवल्या. नव्या पोरीले अशा गादीवर…”

कोकिळा ताडकन उठून उभी राहिली. “नाही हो विहीणबाई! काहीच्या काही! गादी त्याचीच हाये, पण कापूस आमच्या रानातला. अन तो माणूस गिऱ्हाइकाच्या मालात असा धागाबी जाऊ देत नाही. मयताची रुई तो हातानं वेगळी पिंजते, धनुकलीवर, मशीनले लावतबी नाही. तिच्या दुलया करून गोरगरिबाले वाटते. माझ्या सासूचीच गादी दिली होती मी त्याले. माझ्या डोळ्यानं पाह्यलं, काजलबी होती बसेल. हे समदं लोकायनं उठवलं. लय नेक माणूस हो तो.”

 मग विहीणबाई म्हणाल्या, “असं होय. बरं झालं इचारलं. आजच घरात घेतो.”

एवढं सोपं होतं ते. भाजीला फोडणी द्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला, आणि एक शब्द अडखळला नाही. कोकिळा फोन हातात धरून भिंतीला टेकून खाली बसली. स्वतःच्या लेकीची गादी गोठ्यात गेली तेव्हा कसं तोंड उघडलं! तिला स्वतःच्याच तोंडाची किळस आली.

संध्याकाळी काजलचा फोन आला. ती तिकडे जवळच असावी, सगळं ऐकलं असावं.

“आई, हे तू तवा काऊन नाही सांगतलं?”

“कवा?”

“तुले माहीत हाये कवा.”

कोकिळेनं फोन दुसऱ्या कानाला लावला. काजलच पुढं म्हणाली, “मीबी कॉलेजात नाही बोलली आई. महनूर एकटी बसत होती बसमध्ये. मी पोरींसोबत मागं बसत होती.” आणि तिनं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात कोकिळा उत्तमरावांना काही न सांगता दोन बस बदलून पिंपळगाव राजाला गेली. विचारत विचारत घर सापडलं. भावाच्या घरालगत पत्र्याची एक खोली. मशीन दिसली नाही. बिस्मिल्लाबी दारात एक जुनी रजई उसवत बसली होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि पाट पुढं सारला.

“बसा. चाय घेता?”

चहा आला. बिस्मिल्लाबी रजईचे टाके काढत राहिली. कोकिळेनं विचारलं नाही तरी तिनं सांगितलं, मशीन विकली. हे आता सायकलवर गावोगाव फिरून रजया शिवतात. महनूरचं एक वर्ष वाया गेलं, आता खामगावला जाते.

“बिस्मिल्लाबी,” कोकिळा म्हणाली, “ते गावात जे झालं… ते मी…”

“माहीत हाये मले.”

“कवापासून?”

“पहिल्या दिवसापासून. बाई, मयताची गादी उसवली, खोळ जाळली, हे कोणाले दिसणार? ते त्या अंगणात बसणाऱ्यालेच माहीत. महनूरच्या अब्बालेबी माहीत होतं, तुमच्या दारी आले तवा.”

कोकिळेनं हातातला कप खाली ठेवला. “मंग बोलल्या काऊन नाही? मले शिव्या तरी द्यायच्या.”

बिस्मिल्लाबीनं पहिल्यांदा हात थांबवला. “मी वाट पाह्यली. म्हटलं, या मंगळवारी कोकिळाबाई बोलतीन. मंग म्हटलं, पुढच्या मंगळवारी बोलतीन. टेम्पो भरला तवाबी मी पाह्यलं तुमच्या खिडकीकडं. पडदा हालला होता.”

कोकिळेनं हात जोडले. “माफ करा मले.”

“इथं मले कायले म्हणता?” बिस्मिल्लाबी शांतपणे म्हणाली. “मले तर खरं माहीतच होतं. जिथं बसून बोलल्या, तिथं बसून बोला ना.”

तिनं चहाचे कप उचलले. आत महनूर होती, तिचा आवाज येत होता, पण ती बाहेर आली नाही.

त्या मंगळवारी कोकिळा भजनाला गेली आणि पेटी लागायच्या आधीच बोलली. उभी राहून बोलली, कारण बसून धीर झाला नसता. गादी माझ्या सासूची होती. मीच दिली होती. ती रुई कोणाच्या गादीत गेली नाही, मला तेव्हाच माहीत होतं. मी अर्धं सांगितलं. पुढं बोलायचा वेळ होता, बोलले नाही, कारण तुम्ही मला पंख्याखाली बसवलं होतं आणि मला तिथंच बसायचं होतं. शब्द तोंडात न घोळवता, आपल्या बोलीतच ती हे सगळं बोलली.

 मग संजीवनीताई म्हणाल्या, “पण कोकिळाताई, आम्ही कुठं काय केलं? आम्ही तर तुमच्यावर विश्वास ठेवला.” आणखी कोणी म्हणालं, मी तो मजकूर पुढं पाठवलाच नव्हता. दुसरी म्हणाली, मी फक्त माझ्या बहिणीला पाठवला. एक म्हणाली, “जाऊ द्या हो, गेले ते लोक, आता काय त्याचं.” समता मात्र उठली आणि चपला घालून निघून गेली. पेटी लागली. कोकिळेनं टाळ हातात घेतले, पण ते तिला वाजवता येईनात.

उत्तमरावांना तिनं त्याच दिवशी सांगितलं. ते जेवत होते. “मले वाटलंच होतं,” एवढंच म्हणाले, आणि ताटातलं संपवून उठले. नंतर किती तरी दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं.

मंगळवारी ती अजूनही जाते. कोणी बोलावत नाही आणि कोणी येऊ नका असंही म्हणत नाही. चहाच्या वेळी कोणाच्या घराची गोष्ट निघाली की एखादी बाई तिच्याकडे पाहून मधेच थांबते. ती लाजून थांबते, का आता हिच्यासमोर बोलायला नको म्हणून, ते कोकिळेला अजून उमगलं नाही. आपल्याला उमगावं, एवढा आपला हक्क राहिला आहे असंही तिला वाटत नाही.

रमजान ईदला तिनं बिस्मिल्लाबीला फोन लावला. महनूरनं उचलला. कोकिळेनं ईद मुबारक म्हटलं, मंगळवारी सगळ्यांसमोर बोलले तेही सांगितलं, घाईघाईनं, एका दमात. पलीकडे भांड्यांचा आवाज, पोरांचा गलका.

“अम्मी पाहुण्यायले वाढून राह्यली,” महनूर म्हणाली. “सांगतो मी तिले.”

फोन परत आला नाही.